घनवादी व्यक्तिचित्रातली भावना: कुठं शोधायची, कशी पडताळायची

घनवादी (क्युबिस्ट) पद्धतीनं, म्हणजे कोनदार तुकड्यांत आणि एकाच वेळी अनेक बाजूंनी पाहून रंगवलेला चेहरा समोर आला की बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘भंगलेला’. त्याच्यामागून ‘दुभंगलेलं मन’, ‘अस्वस्थता’, ‘वेदना’ असे शब्द येतात आणि चित्र वाचून झालं असं वाटतं. चूक होते ती इथंच. तुकडे ही घनवादाची भाषा आहे, त्या भाषेत सगळंच बोललं जातं. घनवाद सुरू करणाऱ्या पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी गिटार, दारूची बाटली, वर्तमानपत्र आणि पाइप हे सगळं त्याच तुकड्यांत रंगवलं. बाटलीला कसली वेदना? तेव्हा चेहरा तुकड्यांत आहे एवढ्यावरून भावनेबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

भावना सापडते ती चित्र आपलाच नियम मोडतं तिथं. सगळीकडे मोठे सपाट भाग आणि एकाच जागी बारीक तुकड्यांची दाटी. सगळीकडे रंग आणि एकाच जागी रंग उडालेला. सगळीकडे कडा एकमेकींत विरघळलेल्या आणि एक हात मात्र स्पष्ट. असा फरक हेरायचा, तो चित्रातल्या कुठल्या भागावर पडलाय ते पाहायचं आणि मगच भावनेचं नाव घ्यायचं. पुढची सगळी पद्धत एवढ्यासाठीच आहे.

उदाहरणासाठी मुख्य चित्र घेतलंय ते पिकासोचं ‘रडणारी स्त्री’. लंडनच्या टेट संग्रहालयातलं, २६ ऑक्टोबर १९३७ ही तारीख असलेलं, सुमारे ६० बाय ५० सेंटीमीटरचं तैलचित्र. याच विषयावर पिकासोनं त्या वर्षी बरीच रेखाटनं, मुद्राचित्रं आणि तैलचित्रं केली. मेलबर्नच्या संग्रहालयात १८ ऑक्टोबरचं एक वेगळं चित्र आहे. शोधताना दोन्हींची गल्लत होते. टेटमधल्या चित्रात लाल टोपी आणि तिच्यावर निळं फूल आहे, ही खूण लक्षात ठेवा.

आधी साल बघा

हे काम दोन मिनिटांचं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं वाचन वाकडं जातं. कारण कुठल्या काळात कोणती गोष्ट पुरावा म्हणून धरता येते, ते सालावर ठरतं.

साधारण १९०९ ते १९१२ या काळातल्या विश्लेषणात्मक घनवादात पिकासो आणि ब्राक यांनी रंग मुद्दाम दाबून ठेवला होता. तपकिरी, करडा, मातकट पिवळा, थोडा हिरवट, एवढंच. आकार आणि अवकाश यांचा शोध चालू असताना रंगानं लक्ष खेचू नये, हा हेतू. त्यामुळे १९१०च्या व्यक्तिचित्राबद्दल ‘रंग उदास आहेत, म्हणून माणूस उदास आहे’ असं लिहिणं साफ चूक. त्याच तपकिरी रंगात व्हायोलिनही आहे. या काळातल्या चित्रात भावनेचा पुरावा शोधायचा तो रचनेत, कडांत आणि कोणते तपशील ओळखू येतील असे ठेवलेत त्यात.

१९१२ नंतर कागद चिकटवणं आलं, मोठे सपाट आकार आले, रंग परतला. आणि १९२०-३०च्या दशकांत, घनवाद ही चळवळ म्हणून ओसरल्यावरही, त्याची भाषा चित्रकारांच्या हातात राहिली. एकाच चेहऱ्यात समोरून आणि बाजूनं पाहणं, जाड बाह्यरेषा, कोनदार तुकडे. ‘रडणारी स्त्री’ या तिसऱ्या टप्प्यातली आहे. इथं रंग चित्रकारानं मोकळेपणी निवडलेला आहे, म्हणून तो साक्षीला बोलावता येतो.

तयारी

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठ्यात मोठी प्रतिमा घ्या. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतींचे रंग बदललेले असतात, काहींच्या कडा कापलेल्या असतात, आणि पिवळा रंग किती हिरवट आहे यावर जेव्हा वाचन अवलंबून असतं तेव्हा हा फरक महाग पडतो. शिवाय लागेल ते असं: प्रतिमेच्या ए-४ कागदावर दोन छापील प्रती, एक रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट, एक ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, लाल आणि निळं पेन, झाकाझाकीसाठी कोऱ्या कागदाचे दोन-तीन तुकडे. वेळ एका तासाच्या आसपास.

छापताना चित्र साधारण २४ बाय २० सेंटीमीटरचं ठेवा. म्हणजे चार-चार सेंटीमीटरच्या ३० चौकटी बरोबर बसतात. त्यांचा उपयोग पुढे आहे.

एक गोष्ट आवर्जून करा. वर्तमानपत्राचा ६० बाय ५० सेंटीमीटरचा तुकडा कापून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. मूळ चित्र एवढं आहे. या आकाराच्या बहुतेक भागावर एकच डोकं पसरलेलं आहे, म्हणजे खऱ्या माणसाच्या डोक्याहून मोठं. फोनवर ते टपाल तिकिटाएवढं दिसतं आणि त्याचा दाब जाणवतच नाही. समोरच्याचा चेहरा सोसवणार नाही इतका जवळ आलाय, हा या चित्राच्या भावनेचा मोठा भाग आहे, आणि तो केवळ मापातून येतो.

पायरी १: नाव न घेता पाहणं

पाच मिनिटं नुसतं पाहा. मग स्वतःच्या शरीराला काय झालं ते दोन ओळींत लिहा: जबडा आवळला, नजर अमुक जागी पुन्हा पुन्हा गेली, मागं सरकावंसं वाटलं. ‘दुःख’, ‘राग’, ‘भीती’ हे शब्द अजून वापरायचे नाहीत. कागदाची घडी घालून बाजूला ठेवा. शेवटी तो पुराव्यांशी जुळवून पाहायचा आहे. पहिली प्रतिक्रिया खोटी असते असं मुळीच नाही. पण ती चित्रातून आली की चित्राच्या नावातून, हे अजून ठरलेलं नसतं. या चित्राचं नावच उत्तर सांगून टाकतं, म्हणून ही काळजी.

पायरी २: खुणेचे अवयव आणि नजरेच्या दिशा

ट्रेसिंग पेपर चित्रावर ठेवा आणि फक्त ओळखू येणारे अवयव काढा: डोळे, नाक, तोंड, कान, बोटं, केस. मग प्रत्येक अवयव कुठून पाहिलाय ते लिहा. समोरून असेल तर ‘स’, बाजूनं असेल तर ‘बा’, वरून असेल तर ‘व’.

हे कसं करायचं ते समजण्यासाठी जाँ मेत्झँजे या फ्रेंच चित्रकाराचं १९११चं ‘चहाची वेळ’ आधी पाहून घ्या, ते फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या कपाचा अर्धा भाग बाजूनं दिसतो, उरलेला अर्धा वरून. दोन नजरा, एक कप, मधे सरळ रेघ. चेहऱ्याच्या बाबतीत हेच होतं, फक्त रेघ इतकी सरळ नसते.

‘रडणाऱ्या स्त्री’चा चेहरा आपल्या उजवीकडे वळलेला आहे, नाकाची कड बाजूनं दिसते. डोळे मात्र दोन्ही दिसतात आणि तेही समोरून पाहिल्यासारखे. म्हणजे ही बाई दुसरीकडे तोंड करून आहे आणि तरी आपल्याकडे बघते आहे. रडणारं माणूस सहसा तोंड फिरवतं. इथं तिला तशी सोय ठेवलेली नाही. ‘लपवू पाहणं’ आणि ‘उघडं पडणं’ या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात बसवलेल्या आहेत. हे आपलं पहिलं टिपण, आणि त्यात भावनेचं नाव अजून आलेलं नाही.

दोन दिशांमध्ये किती ओढाताण आहे हेही पाहा. काही चित्रांत समोरचा आणि बाजूचा चेहरा इतके सहज एकमेकांत बसतात की त्यातून निवांतपणा येतो. दोन नजरा म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, हे समीकरण पाठ करून ठेवू नका.

पायरी ३: तुकड्यांची दाटी

छापील प्रतीवर उभ्या-आडव्या रेघा मारून सहा ओळी आणि पाच स्तंभ पाडा. प्रत्येक चौकटीत साधारण किती वेगळे तुकडे येतात ते पेन्सिलीनं लिहा. अचूक आकड्याला महत्त्व नाही. तीन पातळ्या पुरे: थोडे, मध्यम, दाट.

टोपीच्या भागात मोजकेच मोठे आकार आहेत. पार्श्वभूमीत सरळ पट्टे. तोंड, दात, बोटं आणि रुमाल जिथं एकत्र येतात तिथं मात्र कोनदार तुकड्यांचा खच आहे, काचेच्या कपच्यांसारखा. जिथं तुकडे लहान, तिथं नजर अडखळते, पुढं जायला वेळ लागतो. चित्रकारानं आपल्याला जिथं थांबवलंय ती जागा आता तुमच्या कागदावर नोंदलेली आहे.

दाटी सगळ्या चौकटींत सारखीच आली तर? तीही माहितीच आहे. चित्रकारानं चेहऱ्याला भोवतालापेक्षा जास्त महत्त्व दिलेलं नाही, असा तिचा अर्थ. अशा चित्रात तीव्र भावना शोधत बसण्यात हशील नाही.

पायरी ४: कडा

लाल पेनानं बंद आणि टोकदार कडा गिरवा, निळ्यानं गोलाकार किंवा उघड्या कडा. उघडी कड म्हणजे जिथं एक भाग दुसऱ्यात मिसळतो, मधली रेघ तुटलेली किंवा गायब असते. विश्लेषणात्मक घनवादात अशा कडा भरपूर असतात. माणूस आणि हवा एकमेकांत शिरतात.

‘रडणाऱ्या स्त्री’त मधला भाग जवळजवळ पूर्ण लाल होईल. तिथल्या बाह्यरेषा जाड आणि काळ्या आहेत. पण या कोनदार भागात आणखी एक गोष्ट दिसते, आणि इथं घाई करू नका. बोट कुठं संपतं आणि रुमाल कुठं सुरू होतो? रुमालाची चुणी कोणती आणि ओघळलेलं पाणी कोणतं? एकच रेघ दोन गोष्टींची कड होऊन बसली आहे. हे चित्रातलं कौशल्य आहेच, पण त्याचा भावनिक परिणामही अगदी ठोस आहे: धरणारा हात, पुसणारं कापड आणि वाहणारे अश्रू वेगळे काढता येत नाहीत. सांत्वनाची वस्तूच धारदार झाली आहे.

पायरी ५: रंग, आधी काढून आणि मग परत घालून

आधी ब्लॅक अँड व्हाइट प्रत घ्या, डोळे बारीक करून पाहा. सर्वांत मोठा उजेड-अंधाराचा फरक कुठं आहे? लाल टोपी शांत होते, केस मागं जातात आणि तोंडाजवळचा पांढरा भाग काळ्या रेघांसकट पुढं येतो. दाटीनं दाखवलेली जागा आणि उजेडानं दाखवलेली जागा एकच निघाली. दोन वेगळ्या पायऱ्यांनी एकच बोट दाखवलं की पुरावा भक्कम समजावा. त्या जुळल्या नाहीत तर चित्र दोन केंद्रांचं आहे असं धरा आणि दोन्ही केंद्रं स्वतंत्र वाचा.

आता रंगीत प्रत. चेहरा पिवळा आणि हिरवा, त्यात जांभळ्याच्या छटा. टोपी लाल, फूल निळं. मध्ये पांढरा आणि थंड निळसर भाग. इथं नवख्यांची हमखास होणारी चूक म्हणजे रंगांचा तक्ता लावणं: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, हिरवा म्हणजे मत्सर. या चित्रात लाल रंग टोपीवर आहे आणि टोपी रागावलेली नाही. रंगाचा अर्थ तो कशाशेजारी आहे आणि कुठून गायब झालाय यावरून लावायचा. सगळं चित्र भडक रंगांनी पेटलेलं असताना दुःखाच्या मुख्य जागेतून रंगच काढून घेतलाय. आमच्या मते या चित्रातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. रडण्याच्या जागी चित्रकारानं रंग वाढवला असता तर ते नाटकी झालं असतं.

पायरी ६: देहाच्या खुणा आणि आपल्याकडचं एक हत्यार

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे ताठरणं, घाम, शहारा, आवाज फुटणं, थरथर, रंग उतरणं, आसवं आणि भान हरपणं. पिकासोचा या ग्रंथाशी संबंध नाही आणि तो जोडण्याची गरजही नाही. पण ही यादी भावनेची नसून भावनेच्या शारीरिक खुणांची आहे, म्हणून चित्र तपासायला ती फार उपयोगी पडते. मराठी वाचकाला हे शब्द नाट्यसंगीत आणि काव्यचर्चेमुळे थोडेफार परिचितही असतात.

आठही खुणा एकेक करून चित्रात शोधा, सापडली तर जागा लिहा, नाही तर रेघ मारा. अश्रू आहेत, ते उघडच आहे. वैवर्ण्य ठळक आहे: पिवळा-हिरवा चेहरा. वेपथु आहे, पण तो हालचालीतून नाही. रुमालाच्या नागमोडी, दातेरी कडांतून थरथर येते. सगळ्यांत मोलाची खूण स्वरभंगाची. तोंडात रुमाल आहे आणि दात त्यावर रोवलेले आहेत. आवाज निघू नये म्हणून कापड चावलं आहे.

पिकासोनं याच वर्षी, १९३७ मध्ये, केलेल्या ‘गेर्निका’ या चित्राशी तुलना केली की हे लख्ख होतं. त्या भव्य चित्रात डावीकडे मेलेलं मूल घेतलेली आई आहे. तिचं तोंड आकाशाकडे उघडं आहे, जीभ खंजिरासारखी टोकदार. तिथं आक्रोश बाहेर पडतो. ‘रडणाऱ्या स्त्री’त तो आत दाबला आहे आणि दाबल्यामुळे चेहऱ्याचा मधला भाग फुटला आहे.

पायरी ७: वस्तू

टोपीकडे परत या. नीट बसवलेली, फूल लावलेली, बाहेर जाताना घालायची टोपी. केसही विंचरलेले. ही बाई घरात विस्कटून बसलेली नाही. साध्या दिवसासाठी तयार झालेली आहे आणि एखादी वाईट बातमी त्या दिवशी येऊन आदळली असावी. रुमालाबद्दल वर आलंच. पार्श्वभूमीतले पट्टे भिंत जवळ असल्याचं सांगतात, मागं सरकायला जागा नाही.

वस्तूंच्या बाबतीत कल्पना लवकर सैल सुटते. या चित्रातल्या डोळ्यांच्या बुबुळांत काहींना विमानांच्या आकृती दिसतात. हे वाचन आकर्षक आहे, पुढं येणाऱ्या इतिहासाशी जुळतंही. तरी ते ‘दिसतं’ या रकान्यात घालू नका. वहीत तीन रकाने करा: दिसतं, मला वाटतं, बाहेरून कळलं. ‘डोळ्यांत गडद कोनदार आकार आहेत’ हे पहिल्यात. ‘ती विमानं असावीत’ हे दुसऱ्यात. हा शिस्तीचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण चांगलं वाचन आणि मनानं रचलेली गोष्ट यांत फरक करणारं साधन हेच आहे.

पायरी ८: झाकून पाहणं

ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत खरी कसोटी. कोऱ्या कागदानं चित्राचा एक भाग झाका आणि भावना बदलते का ते पाहा.

आधी मधला पांढरा भाग झाका. उरते ती टोपी घातलेली, डोळे विस्फारलेली बाई. ती घाबरलेली वाटेल, चकित वाटेल, रडणारी वाटेलच असं नाही. आता डोळे झाका आणि मधला भाग उघडा ठेवा. दात आणि कापड, एवढंच. हे शारीरिक वेदनेसारखं दिसतं, संतापासारखंही. दोन्ही उघडे ठेवले की शोक तयार होतो. म्हणजे या चित्रातलं दुःख एका अवयवात नाही, डोळे आणि तोंड यांच्या मधल्या नात्यात आहे. शेवटी टोपी झाका. भावना तीच राहते, पण तिचा धक्का कमी होतो. रोजच्या आयुष्याचा संदर्भ निघून जातो.

एखादा भाग झाकल्यावर काहीच बदललं नाही तर त्या भागावर बेतलेला तुमचा मुद्दा काढून टाका, तो कितीही आवडता असला तरी.

पायरी ९: भावनेचं नाव

आता नाव घ्या, पण एका शब्दात नको. ‘दुःख’ हा शब्द इतका मोठा आहे की त्यात सगळं मावतं आणि काहीच कळत नाही. तीन प्रश्नांची उत्तरं देणारं वाक्य करा: कोणती भावना, ती बाहेर पडते आहे की दाबली जाते आहे, आणि ती एकटी आहे की तिच्याबरोबर दुसरी कोणती आहे. आपल्या चित्रासाठी असं लिहिता येईल:

‘तीव्र शोक, जो आवाज होऊन बाहेर पडू नये म्हणून दाबला जातोय, त्यात भीतीही मिसळली आहे. पुरावा: रुमालात रोवलेले दात, मधल्या भागातून काढून घेतलेला रंग, समोर वळलेले उघडे डोळे. नीटनेटक्या टोपीमुळे हा शोक अचानक आल्यासारखा वाटतो.’

आता पहिल्या पायरीतला घडी घातलेला कागद उघडा. जबडा आवळल्याचं लिहिलं असेल तर तो कशामुळे आवळला ते आता ठाऊक झालं. तिथं लिहिलेल्या एखाद्या गोष्टीला चित्रात आधार सापडला नसेल तर ती तुमची स्वतःची आहे. ती टाकून द्यायची गरज नाही. ‘मला वाटतं’च्या रकान्यात तिची जागा आहे.

पायरी १०: इतिहास, सगळ्यांत शेवटी

२६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या गेर्निका या गावावर, तिथल्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूनं लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बाँब टाकले. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होता. मेच्या सुरुवातीला त्यानं रेखाटनं सुरू केली आणि ‘गेर्निका’ हे सुमारे साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद चित्र जूनमध्ये पुरं झालं. त्यातल्या आक्रोश करणाऱ्या बायका त्याच्या हातून सुटल्या नाहीत, पुढं कित्येक महिने तो रडणाऱ्या चेहऱ्यांवर काम करत राहिला. ऑक्टोबरमधलं हे चित्र त्याच मालिकेच्या शेवटाकडचं आहे. स्पेनमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांत निघणाऱ्या, गालावर काचेचे अश्रू असलेल्या शोकाकुल मेरीमातेच्या मूर्तींची परंपराही या रडण्याच्या मागं उभी आहे. पिकासोचा जन्म मालागाचा, त्याला हे दृश्य परकं नव्हतं.

हे आधी कळलं असतं तर प्रत्येक रेषेत बाँब दिसला असता. आता कळल्यावर आपल्या वाक्यातला एक भाग पक्का होतो: अचानक येऊन आदळलेली बातमी.

चित्रातल्या चेहऱ्यामागं दोरा मार होती. इथं फार जपून चाला. ‘ती पिकासोची रडकी प्रेयसी’ हे वर्णन दशकानुदशकं फिरत राहिलं. दोरा मार स्वतः नावाजलेली छायाचित्रकार होती, फॅसिझमविरोधी कामात सक्रिय होती आणि ‘गेर्निका’ आकार घेत असतानाचे टप्पे तिनंच कॅमेऱ्यात टिपले. पिकासोनं काढलेली आपली सगळी चित्रं खोटी आहेत, ती पिकासोची आहेत, त्यातलं एकही दोरा मारचं नाही, असं तिनं म्हटलं होतं. हे वाचनात जसंच्या तसं धरायला हवं. व्यक्तिचित्रात दिसते ती भावना चित्राची असते; समोर बसलेल्या माणसाच्या स्वभावाबद्दल ती साक्ष देत नाही. चित्रावरून खऱ्या बाईचं मानसिक निदान करणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि वाचन म्हणूनही ते कच्चं आहे.

हीच पद्धत शांत चित्रावर

एकाच चित्रावर पद्धत चालली म्हणजे ती पद्धत झाली असं नाही. म्हणून दुसरं चित्र अगदी उलट स्वभावाचं घ्या: शिकागोच्या संग्रहालयातलं, पिकासोनं १९१०च्या शरद ऋतूत केलेलं दानिएल-हेन्री कानवायलरचं व्यक्तिचित्र. साधारण एक मीटर उंच. कानवायलर हा घनवादी चित्रकारांच्या मागं पहिल्यापासून उभा राहिलेला जर्मन कलाविक्रेता, त्यानं १९०७ साली पॅरिसमध्ये दालन उघडलं होतं.

इथं रंगाची पायरी सोडून द्या. सालानं आधीच सांगितलंय की तपकिरी-करडा रंग साक्षीला येणार नाही. दाटीची पायरी केली तर तुकडे जवळपास सगळीकडे पसरलेले मिळतात. कडा बहुतेक निळ्या, म्हणजे उघड्या. कपड्यांचा आकार हवेत मिसळत जातो. मग चित्रानं नियम मोडला कुठं? केसांची एक लाट, कोटावरची घड्याळाची साखळी आणि खाली, मध्याजवळ, एकमेकांत गुंफलेले हात. सगळं विरघळत असताना हे तीन तपशील ओळखू येतात.

हात झाकून पाहा. माणूस हरवतो, उरतो तो नुसता स्फटिकासारखा उभा रचलेला आकार. हात उघडे केले की कोणी तरी समोर बसलंय, वाट पाहतंय, घाई नाही, हे परत येतं. भावनेचं वाक्य असं होईल: ‘आवेग नाही, सावध, सोशिक स्थिरता. पुरावा: गुंफलेले हात, समतोल दाटी, कुठंही न उसळणारा उजेड.’ याला कोणी ‘आधुनिक माणसाची तुटलेली ओळख’ म्हटलं तर त्यांना विचारा, कुठल्या चौकटीत? हुआन ग्रीस या घनवादी चित्रकारानं १९१२ साली काढलेलं पिकासोचं व्यक्तिचित्रही याच संग्रहालयात आहे. थंड निळ्या-करड्या तुकड्यांची काटेकोर रचना आणि हातात रंगपाटी. त्यात आदर आहे, तोही ताठ बसलेला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ३० चौकटी भरल्या तर एकाच भाषेतले दोन स्वभाव हाताला लागतात.

आपल्याकडची चित्रं

मुंबईत आणि गोव्यात वाढलेल्या चित्रकारांनी ही भाषा आपापल्या कामासाठी वापरली, आणि त्यांच्या चित्रांवर सराव केला तर डोळा जास्त लवकर तयार होतो. जहांगीर सबावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पुढं पॅरिसला गेले आणि आंद्रे लोत या घनवादी परंपरेतल्या चित्रकाराकडे शिकले. त्यांच्या प्रौढ चित्रांतही प्रतलं, म्हणजे सपाट पृष्ठं, आहेत, कोन आहेत. पण एक प्रतल दुसऱ्यात इतक्या हलक्या छटांनी उतरतं की परिणाम शांततेचा होतो. तुकडे म्हणजे वेदना, हा समज मोडायला त्यांचं एक चित्र पुरतं. फक्त कडांची पायरी केली तरी चालेल.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा मामला वेगळा. जन्म १९२४, गोव्यातलं साळगाव. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधलं आघाडीचं नाव. १९५०च्या दशकातल्या त्यांच्या डोक्यांच्या चित्रांत डोळे कपाळावर चढलेले, रेघा काळ्या आणि जाड, दात उघडे. पिकासोशी साम्य चटकन दिसतं आणि म्हणूनच फसगत होते. एक सूझांचं डोकं आणि ‘रडणारी स्त्री’ शेजारी ठेवा आणि फक्त दातांचा भाग उघडा ठेवून बाकी झाका. पिकासोच्या चित्रात दातांखाली कापड आहे, ते स्वतःला आवरत आहेत. सूझांच्या अशा अनेक डोक्यांत दातांखाली काहीच नाही, ते थेट आपल्याकडे विचकलेले आहेत. जाडी तीच, टोकदारपणा तोच. एकीकडे शोक, दुसरीकडे आक्रमकता. मग डोळे उघडा. पिकासोचे डोळे तोंडाशी जोडले जातात आणि अर्थ पालटतो; सूझांचे कपाळावर गेलेले डोळे तोंडापासून तुटतात, दयेला जागा उरत नाही. सूझांवर गोव्यातल्या चर्चमधल्या प्रतिमांचा मोठा प्रभाव होता, हे तिसऱ्या रकान्यात लिहा आणि मग बघा, वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या त्यांच्या चित्रांत हेच दात काय करतात. टेटमध्येच त्यांचं १९५९चं असं एक चित्र आहे. त्याच्यावर चौकटी आखताना सुरुवात तोंडापासून करा.